धुवायचं, वापरायचं नाही

रजियाच्या पाण्याच्या बाटलीवर कुठल्याशा सरबताचा कागद अजून चिकटलेला होता. कागदाची वरची कड एका बाजूला सुटून खाली वाकली होती आणि बाटलीतलं पाणी बरोबर त्या वाकलेल्या टोकाशी टेकलं होतं. सकाळी टमटममध्ये सामान चढवताना शिवकन्याने ते पाहिलं होतं. संध्याकाळी बादल्या, पोछे, ब्रशांचं पोतं अंगणात उतरलं तेव्हाही पाणी तिथंच होतं. फरक एवढाच की सकाळी बाटली बाहेरून ओली होती आणि आता कोरडी आणि गरम लागत होती.

असं बघण्याची सवय तिला पॅथॉलॉजी लॅबमधल्या नोकरीमुळे लागली होती. काचेच्या नळीतला द्रव कडेला चढलेला आणि मध्ये खोलगट दिसतो. माप वाचायचं ते खोलगट भागाच्या तळाशी, डोळा त्याच पातळीला आणून. लॅब सुटून वर्षं झाली, पण डोळा काही सुटला नाही. लातूरच्या मे महिन्यात दिवसभर राबलेल्या बाईची बाटली भरलेली परत येते, याचा अर्थ ती पाणी पीत नाही. पाणी पीत नाही, याचा अर्थ तिला जायला जागा नाही. ही दोन्ही अनुमानं सोपी होती. याला जबाबदार कोण, हे तिसरं अनुमान तेवढं शिवकन्या रोज उद्यावर ढकलत होती.

"मॅडम, ब्लेडचा डबा उद्या नवा घ्या," रजिया म्हणाली. "खिडक्यांवर रंगाचे थेंब लई हायत. जुनं ब्लेड नुसतं गुदगुल्या करतंय काचेला."

"घेते," शिवकन्या म्हणाली. बाटलीबद्दल काही बोलली नाही.

दोघींची ओळख लॅबमधलीच. शिवकन्या नांदेडला बी.एस्सी. करून, पुढे तंत्रज्ञाचा कोर्स करून त्या लॅबमध्ये लागली होती. रजिया तिथं काचसामान धुवायची, फरशी पुसायची. जुन्या डॉक्टरांनी लॅब विकली, नव्या मालकाने आपली माणसं आणली. जुन्यांपैकी एक ताहेर तेवढा मायक्रोस्कोपवर टिकला. बाकीच्यांनी आपापली वाट धरली. शिवकन्याची वाट रजियाने दाखवली. "क्लासची पोरं खोल्या सोडून चाललीत," ती म्हणाली होती. "मालकांना साफ करून पाहिजेत. तुम्ही फोनवर बोला, मी झाडू धरते." नीटची परीक्षा झाली की लातुरातल्या किती खोल्या एकदम रिकाम्या होतात हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. भिंतीभर डिंकाने चिकटवलेली सूत्रं, आवर्तसारणी, गाद्यांखाली ढेकूण. शिवकन्या पहिल्या खोलीत भिंतीवरची सूत्रं ओल्या फडक्याने भिजवून सोलत होती आणि तिला वाटलं होतं, आपण शिकलेलंच आपण खरवडून काढतोय. रजियाला ते सांगितलं तर ती म्हणाली, "मग जपून काढा, फाडू नका."

तिथून 'निर्मळ घरसफाई' उभी राहिली. धम्मप्रिया नंतर आली. ती किनवटकडची, धाकट्या भावाच्या क्लाससाठी सगळं घरच लातूरला भाड्याच्या खोलीत येऊन राहिलेलं, आणि भावाने डॉक्टर व्हावं म्हणून बहीण लोकांच्या मोऱ्या घासत होती. तोंडाने तिखट, हाताने चपळ. दिवाळीच्या आधी आणखी बायका लागत, बाकी वर्षभर या तिघींवर चाले.

धंदा म्हणजे निम्मा फोन. "एका दिवसात सगळं होईल ना?" "कोण लोकं येतात कामाला?" "ऍसिड आणा, आमचे नळ पांढरे झालेत." बोअरच्या जड पाण्याने इथल्या प्रत्येक नळाला क्षाराचा थर चढतो, आणि प्रत्येक घराला वाटतं की तो फक्त आपल्याच नळाला चढलाय. शिवकन्या शांतपणे समजावून सांगे. लोक तिच्या शांतपणावर भरवसा टाकत. किल्ल्या देऊन गावाला जात.

एक गोष्ट मात्र फोनवर कधी निघत नसे. ज्या बायका घरातला संडास घासून काढणार, त्या तो वापरणार नाहीत, हे कुणी सांगत नसे, कारण सांगायची गरजच नव्हती. फारतर एखादी घरमालकीण हसून म्हणे, "आमचं कमोड जरा नाजूक आहे हं." बायकांना कळायचं ते कळे. त्या सकाळी घरून निघताना चहासुद्धा अर्धाच घेत.

शिवकन्याने यावर तोडगा काढला होता आणि त्याचा तिला मनातून अभिमान होता. ती कामंच अशी लावायची की दुपारच्या सुमाराला बायका कुठल्यातरी ठिकाणाच्या जवळ असाव्यात. औसा रोडला तिचं स्वतःचं घर होतं. गोलाईच्या बाजारामागे रजियाची नणंद राहायची. काहीच नसेल तर बसस्टँड. लातूरचा नकाशा तिच्या डोक्यात असा तीन टिंबांचा होता आणि त्या टिंबांभोवती ती कामं गुंफायची. कुणाशी वाद नाही, कुणाला अवघडायला नको. प्रश्न सुटला असं तिला वाटायचं. खरं तर तो फक्त गावभर पसरला होता.

आणि मग मल्लिनाथअप्पांचं काम आलं.

मल्लिनाथअप्पा तेलबियांचे व्यापारी. शिवकन्याच्या सासूच्या, गौरम्माच्या, माहेरच्या गावचे. त्यांनी बार्शी रोडला रिंगरोडच्या पलीकडे नवी इमारत बांधली होती. दोन फ्लॅट मुलांना, बाकीचे विकलेले. ताबा देण्याआधी सगळे फ्लॅट धुऊनपुसून द्यायचे, आणि लोक राहायला आले की वर्षभर आठवड्याचं काम. 'निर्मळ'ला इतकं मोठं काम कधी मिळालं नव्हतं. दोन बायका कायमच्या कामावर घेता आल्या असत्या. रजियाला दमणुकीची कामं सोडून नुसती देखरेख देता आली असती. ते शिवकन्याच्या मनात कधीचं होतं.

पण इमारतीच्या चारी बाजूंना मोकळी रानं होती. सोयाबीन निघून हरभरा निघून नांगरून पडलेली, आडोशाला एक बाभूळ नाही. तीन टिंबांपैकी एकही जवळ नव्हतं. हे शिवकन्याला पहिल्याच दिवशी, इमारत बघताना कळलं. अप्पा जिना चढत होते, ती मागून चढत होती, आणि ती स्वतःला सांगत होती, दुसऱ्या मजल्यावर बोलायचं. दुसऱ्या मजल्यावर अप्पांना दम लागला. तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फोन आला. वर गच्चीवर उभं राहून ते म्हणाले, "आपल्यातलीच पोरगी धंदा करती म्हणल्यावर मला दुसऱ्याकडं जायची गरजच काय?" यावर ती म्हणाली, "हो अप्पा."

अडचण शब्दाची होती, हे तिचं तिलाच हास्यास्पद वाटे. लॅबमध्ये ती दिवसभर परक्या माणसांना सांगायची, लघवीचा नमुना द्या, पहिली धार सोडून मधली घ्या. म्हातारे, नव्या नवऱ्या, मौलवी, मास्तर, कुणासमोर तिचा आवाज अडला नव्हता. तिथं काचेची खिडकी होती, अंगावर पांढरा कोट होता. इथं ती सून होती आणि समोर अप्पा होते. 'बाथरूम' म्हणावं तर ते अंघोळीचं समजतील. 'सोय' म्हणावं तर चहाची सोय करतील. राहिलेला शब्द तिच्या जिभेवर येई आणि तिथंच बसून राही.

काम सुरू झालं. बायका सकाळी निघत, संध्याकाळी परत येत. मधल्या वेळेत काय होतं ते शिवकन्याने विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. बाटल्या तेवढ्या दिसत होत्या.

चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट अप्पांच्या धाकट्या मुलाचा. त्याच्या गृहप्रवेशाला स्वामी येणार होते, घरात त्यांची पादपूजा व्हायची होती. आदल्या दिवशी रजिया आणि धम्मप्रिया त्या फ्लॅटवर शेवटचा हात फिरवत होत्या आणि शिवकन्या स्वतः दुसऱ्या मजल्यावर खिडकीच्या काचा खरवडत होती. तेवढ्यात जिन्यातून हाक आली.

"शिवकन्या! जरा वर ये बाई. आत्ताच्या आत्ता ये."

रत्नम्माकाकूंचा आवाज, अप्पांच्या बायकोचा. शिवकन्या हातातलं ब्लेड तसंच घेऊन वर गेली.

हॉलची फरशी आरशासारखी लख्ख झाली होती. काकू पायातल्या चपला दाराबाहेर काढून, काखेत पितळी घागर, हातात नारळाची पिशवी घेऊन मधोमध उभ्या होत्या. रजिया भिंतीला लागून उभी होती. धम्मप्रिया खिडकीशी, हातात वायपर.

"काय झालं काकू?"

"इचार की तिलाच."

"अंदर गेले होते मी," रजिया म्हणाली. तिचा चेहरा उतरलेला होता, ओठ सुकलेले. "संडासात."

"उद्या स्वामी यायलेत," काकू म्हणाल्या. "अजून उंबरा पुजला न्हाई, चुलीवर दूध उतू गेलं न्हाई. आमच्या लेकरानं अजून त्या खोलीत पाय टाकला न्हाई. आन् हिनं आधी जाऊन..." त्यांनाही पुढचा शब्द सापडला नाही. घागर त्यांनी दुसऱ्या काखेत घेतली.

"काकी, कुणी असतं तर विचारलं असतं," रजिया म्हणाली. "मालकीण न्हाई, मालक न्हाई, भांडंकुंडं न्हाई. मला वाटलं अजून हे कुणाचं घरच झालं न्हाई. थांबवेना मला. दोन दिवसांपास्नं तकलीफ हाय."

"कुणाचं न्हाई म्हंजे? आमचं हाय ते!"

"फरशीवाले मिस्त्री सालभर इथंच जात होते की."

"ते येगळं. तवा हे घर नव्हतं."

शिवकन्याला एकदम वाटलं, या दोघी एकच गोष्ट बोलताहेत. घर नेमकं कुठल्या क्षणी घर होतं, एवढाच वाद आहे. काकूंच्या मते ते काल-परवा कधीतरी झालं होतं, सिमेंटचा शेवटचा डाग निघाला आणि फरशीत तोंड दिसू लागलं तेव्हा. म्हणजे रजियाच्याच हाताने झालं होतं. हा विचार इतका स्वच्छ होता की तो मोठ्याने बोलून दाखवता आला असता. तिने तोंड उघडलं आणि तिच्या कानांनी ऐकलं:

"चुकलं काकू. परत होणार नाही. मी पुन्हा धुवून देते."

रजियाने तिच्याकडे पाहिलं, मग ब्रशच्या बादलीकडे गेली.

"तू नको," काकू म्हणाल्या. "त्या पोरीला धुऊ दे."

धम्मप्रिया आत गेली. पाणी ओतल्याचा, घासल्याचा आवाज येत राहिला. काकू देवघराच्या कोनाड्याकडे गेल्यावर तिने दारातून डोकं बाहेर काढलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, आता मी धुतलं म्हणजे शुद्ध झालं ना? नाही, उद्या स्वामींना माझं पूर्ण नाव सांगून एकदा विचारून घ्या. नाहीतर तिसरीला बोलवायला लागंल."

"गप गं," शिवकन्या म्हणाली.

"मी गपच आहे. तुम्ही पण गपच. सगळ्याच गप."

परत येताना टमटममध्ये तिघी बादल्या धरून बसल्या होत्या. रिंगरोडला डाळमिलचा भुसा वाऱ्यावर उडत होता. मग धम्मप्रियालाच राहवेना. "काही म्हणा, फ्लॅटचं उद्घाटन रजियाचाचीच्या हातानं झालं. फीत तेवढी कापायची राहिली."

रजिया हसली. हसता हसता तिने कंबर धरली आणि वाकली. "नको गं हसवू, दुखतंय." थोड्या वेळाने, हसू पूर्ण ओसरल्यावर, ती शिवकन्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, एक सांगू? रत्नम्माकाकीचं मला काही वाटलं न्हाई. ती तिच्या जागी हाय. पण माफी माझी होती. ती मागायची का न्हाई ते मी ठरवणार होते. तुम्ही माझ्या नावानं मागून टाकलात."

"अप्पांशी बोलणार आहे मी," शिवकन्या म्हणाली.

"हव," रजिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रजिया कामाला आली, पण तिच्या हातात बाटलीच नव्हती. त्याच्या पुढच्या दिवशी ती आलीच नाही. तिच्या सुनेचा, मनतशाचा, फोन आला: अम्मीला थंडी वाजून ताप आलाय, गोधड्या घालूनही थरथरतेय, उलटी झालीय. शिवकन्याने हातातलं काम टाकलं. रजियाला तिने रिक्षात घालून आधी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कमरेत मागून हलकेच बोटांनी ठोकलं तशी रजिया कळवळली. त्यांनी तपासणी लिहून दिली, आणि नमुना घेऊन शिवकन्या स्वतः जुन्या लॅबमध्ये गेली.

ताहेरने तिला ओळखीचं हसून पाहिलं, पण नाव वाचल्यावर त्याचं हसू गेलं. "आपली रजियाबी?"

"आपलीच."

त्याने नमुना यंत्रात फिरवायला लावला, काचपट्टी केली, भिंगाखाली सरकवली. बराच वेळ बघून तो बाजूला झाला. "बघायचंय?"

शिवकन्या स्टुलावर बसली. डोळा लावला, बोटांनी आपोआप फोकस सापडला. निरोगी नमुन्यात त्या गोल प्रकाशात बहुतेक रिकामी जागाच असते. एखाददुसरी पेशी कुठंतरी तरंगताना दिसते. इथं रिकामी जागा नव्हती. पुवाच्या पेशी एकीला एक चिकटून कडेपर्यंत भरल्या होत्या, जणू कुणी हरभऱ्याची डाळ पसरून ठेवली आहे. तिने काचपट्टी थोडी सरकवली. तिथंही तेच. आणखी सरकवली.

असे गोल तिने नोकरीत खूप पाहिले होते. ते बघून ती कागदावर ठरलेले शब्द लिहायची आणि पुढचा नमुना घ्यायची. कुणाला हे का झालं हा तिचा प्रश्न नसे. कारण खिडकीच्या पलीकडे असे. आज पहिल्यांदा कारण भिंगाच्या या बाजूला, स्टुलावर बसलं होतं.

"पाणी पीत नसेल," ताहेर म्हणाला. "बाया धरून ठेवतात. क्लासच्या पोरी, बसमधल्या बाया, सगळ्यांचं हेच. आणि या उन्हात."

"हो," शिवकन्या म्हणाली. "कळतंय मला."

संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. वेळेवर आणलं, बरी होईल, पण इंजेक्शनं पूर्ण घ्यावी लागतील आणि असं पुन्हा पुन्हा होऊ देता कामा नये, असं डॉक्टरांनी सांगितलं. ताप उतरल्यावर शिवकन्या रजियाच्या घरी गेली. रजिया उशीला टेकून बसली होती. उशाशी पाण्याचा तांब्या होता, आणि ती मधूनमधून घोट घेत होती, लहान मुलाला औषध द्यावं तसं स्वतःला देत होती.

"मॅडम, नबीलचा दोस्त हाय एक," ती म्हणाली. नबील तिचा मुलगा. "पोरींच्या हॉस्टेलला मेस चालवतो. भांड्यांना बाई पाहिजे म्हणतो. मी हव म्हणलं."

"भांडी? रजिया, तू इतकी वर्षं... हे सगळं तू उभं केलंस. आता भांडी घासणार?"

"भांडी घासताना पाणी पिता येतं," रजिया म्हणाली. "तिथं बायांना जागा हाय. दाराला कडी हाय. अजून काय लागतं?"

"मी अप्पांशी बोलणार होते."

"तुम्ही बोलणार होता, मला माहीत हाय." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच शिवकन्याला सोसेना. "बघा, मी समजते. अप्पाचं काम मोठं हाय. त्यात चार बायांचं घर चालंल. तुमची सासू त्यांच्या गावची. माझ्यासाठी ते घालवू नका. मी जाते म्हंजे तुम्हाला बोलायलाच लागणार न्हाई. सगळं सोपं होतंय."

शिवकन्या उठली. दारापर्यंत गेली, परत आली. "मेसवाल्याला अजून थांब म्हण."

"कुठवर?"

हा प्रश्न साधा होता. शिवकन्याने तांब्या भरून उशाशी ठेवला.

अप्पा स्वतःच घरी आले. संध्याकाळचं ऊन अजून ओट्यावर होतं. नवरा रुद्रेश डाळीचा माल घेऊन उदगीरला गेला होता, म्हणून पाहुण्यांची सरबराई गौरम्माने हाती घेतली. "बर्री अप्पा, बर्री, कुंदरी," म्हणत तिने खुर्ची पुढे ओढली. माहेरचं माणूस दिसलं की तिच्या तोंडी कानडी यायची.

"शरणार्थ, शरणार्थ. बसतो की अक्का." अप्पा टेकले. पूजेचा प्रसाद त्यांनी शिवकन्याच्या हातावर ठेवला. "लई छान झालं सगळं. स्वामी सोता म्हणले, अप्पा, फरशी हाय का आरसा? पाय ठेवावा वाटंना, म्हणले."

"बघ," गौरम्मा म्हणाली, "मी म्हणत नव्हते? माझी सून काम धरती तर चोख धरती."

"तेच सांगायला आलो. सोसायटीच्या लोकांची बैठक झाली. सगळ्यांचं एकच म्हणणं, वर्षाचं काम शिवकन्यालाच द्या. मी म्हणलं, मग देणारच की. घरचीच हाय." त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "फकस्त एक तेवढं..."

शिवकन्या थांबली.

"ती त्या दिवशीची बाई. तिला आमच्याकडं नको. रत्नम्माच्या मनात बसलंय ते. बाकी कुणीबी पाठव, माझं काय म्हणणं न्हाई, मी जातपात मानणारा माणूस न्हाई. आन् बायकांचं ते... आता कसं सांगू... तेवढं सांभाळून घ्यायचं बघ. पुढच्या वर्षी मागच्या बाजूला वॉचमनसाठी पत्र्याचं करायचंच हाय एक. मग त्यांचंबी भागंल."

गौरम्माने मान डोलावली. "अप्पांनी सगळा विचार केलाय."

आणि खरंच केला होता. शिवकन्याला ते दिसत होतं. अप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांना घाण करायची नव्हती, भांडण करायचं नव्हतं, कुणाचं पोट मारायचं नव्हतं. त्यांनी तिच्यासारखाच तोडगा काढला होता. तिने गावात तीन टिंबं शोधली होती, ते मागच्या बाजूला एक चौथं देत होते, पुढच्या वर्षी. आत्ता 'बरं अप्पा' म्हटलं की संपलं. रजिया मेसमध्ये जाईल आणि पाणी पिऊ लागेल. नव्या बायका येतील, त्यांना सकाळी अर्धा चहा प्यायची सवय आपोआप लागेल. धम्मप्रियाला तर ती लागलीच होती. कुणाला वाईट वाटणार नाही. काही वर्षांनी त्यांतल्या कुणाचा तरी नमुना ताहेर भिंगाखाली सरकवेल.

"चहा गार होतोय गं," गौरम्मा म्हणाली.

शिवकन्याने कप खाली ठेवला. तो बशीवर वाजला. तिने तो सरळ केला आणि अप्पांच्या डोळ्यांच्या पातळीला डोळे आणले.

"अप्पा, रजिया आजारी आहे. तुमच्या इमारतीत काम करताना आजारी पडली. तिला जायला जागा नव्हती म्हणून तिने पाणी प्यायचं सोडलं, आणि जागा मागायची हिंमत माझ्यात नव्हती. त्या दिवशी मी काकूंची माफी मागितली. ती मी परत घेते. तिची काही चूक नव्हती."

"अगं, मी कुठं चूक म्हणलो..."

"शिवकन्या!" गौरम्मा कुजबुजली.

"पत्र्याचं नको अप्पा. पुढच्या वर्षीही नको." तिचा आवाज चढला नव्हता. लॅबच्या खिडकीमागून रोजच्या माणसांशी बोलावं तसा तो सपाट आणि स्पष्ट होता. "बरी झाली की रजियाच तुमच्याकडे कामाला येईल, ती येणार असेल तर. आणि आमच्या बायका ज्या घरात काम करतील, त्या घरातला संडास वापरतील. तुमच्या घरातलासुद्धा. हे मान्य असेल तरच आम्ही येऊ."